ओवाळणी आणि वाटणी

"ताई, दुसऱ्यांच्या सभेला गेलं तर आमचं पैसे बंद करत्यात व्हय?"

नोव्हेंबर २०२४. इथं स्टुटगार्टमध्ये दुपारचे साडेतीन वाजले होते, कोल्हापुरात रात्रीचे आठ. फोन आईचा होता, पण बोलत होत्या आईकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. त्यांचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून त्यांच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये यायला लागले होते. भाच्यानं काँग्रेसच्या सभेला बोलावलं होतं आणि त्यांना जायचंही होतं. नेमके त्याच सुमाराला भाजपचे राज्यसभेतले खासदार धनंजय महाडिक कोल्हापुरातल्या प्रचारसभेत बोलून गेले होते की, लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या रॅलीत, सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, नावं लिहून घ्या, त्यांची व्यवस्था करतो. त्यांना निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस गेली. त्यांनी माफीही मागितली. बातम्यांपुरता विषय तिथं संपला. मावशींच्या मनात तो संपला नव्हता.

मी त्यांना समजावून सांगितलं. मत गुप्त असतं, योजना सरकारची असते, कुठल्या पक्षाची नसते, सभेला गेलं म्हणून कुणाला पैसे थांबवता येत नाहीत. त्या "बरं, बरं" म्हणाल्या, आणि सभेला गेल्या नाहीत. मी इतक्या लांबून काय सांगतेय यापेक्षा गल्लीच्या कोपऱ्यावर मोबाइल धरून कोण उभं राहील, हे त्यांना जास्त खरं वाटलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

माझं स्वतःचं मत सध्या कुठंच नाही. पासपोर्ट भारतीय, म्हणून जर्मनीत मतदान करता येत नाही. आणि परदेशात राहणाऱ्या भारतीयाला मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. २० नोव्हेंबरला महाराष्ट्राची विधानसभा झाली, २३ फेब्रुवारी २०२५ ला जर्मनीची संसद. तीन महिन्यांत दोन निवडणुका मी काठावर उभी राहून पाहिल्या आणि दोन्हीकडं एकच गोष्ट शोधत राहिले. मत मागायला आलेला माणूस बाईला काय समजतो?

आधी त्या १५०० रुपयांबद्दल. इथल्या मराठी घरांमध्ये गणपतीला, दिवाळीला लोक जमले की हा विषय निघतोच. फुकट वाटप, करदात्यांचा पैसा, बायकांना आळशी करायचे धंदे. हे सगळं मी ऐकते आणि मला राग येतो, कारण बोलणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यात जर्मन सरकारचे मुलामागे महिन्याला अडीचशेहून जास्त युरो जमा होत असतात. किंडरगेल्ड म्हणतात त्याला. उत्पन्नाची अट नाही. कंपनीतल्या मोठ्या साहेबालाही मिळतात आणि झाडूवालीलाही. ते घेताना आपल्यातल्या कुणाला लाज वाटत नाही आणि वाटूही नये. मग मावशींनी १५०० घेतले तर त्यात कमीपणा कसला? आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात असा पैसा आला की ज्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही. त्यातून त्यांनी गॅसची टाकी भरली, डोळे तपासून घेतले, चष्मा केला. चष्मा मिळाला म्हणून त्या आता भाकरी करताना परातीत वाकून बघत नाहीत, हे आईनं मला मुद्दाम सांगितलं.

पैसा देण्याला माझा विरोध नाही. पैसा कुठल्या नात्यानं दिला जातो, त्याबद्दल मला बोलायचं आहे. किंडरगेल्डवर कुठल्या मंत्र्याचा चेहरा नसतो. ते कुठल्या चान्सलरनं, म्हणजे इथल्या पंतप्रधानानं, दिलं हे इथल्या आईला माहीत नसतं आणि कळून घ्यायची गरजही नसते. ती मोर्चात सरकारविरुद्ध घोषणा देऊन घरी येते आणि ठरल्या तारखेला पैसे जमा झालेले असतात. आपल्याकडं योजना जाहीर झाली २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात, पहिले हप्ते आले रक्षाबंधनाच्या तोंडावर, आणि गावोगावचे फलक सांगत होते की ही भावाची ओवाळणी आहे. पुढं निवडणुकीत एका बाजूनं २१०० कबूल केले, दुसऱ्या बाजूनं महालक्ष्मीच्या नावानं ३०००. बोली वाढत गेली, नातं तेच राहिलं. देणारा भाऊ, घेणारी बहीण. आणि भावानं ओवाळणी घातली की बहिणीनं भावाचंच गुणगान करायचं, हे त्या नात्यात गृहीत असतं. महाडिकांचं बोलणं जीभ घसरल्यामुळं आलं असं मला वाटत नाही. ओवाळणी म्हणून पैसे दिले की ते बोलणं मागोमाग येणारच होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा हे आणखी उघड झालं. बाईनं स्वतःचं आधार तर द्यायचंच, शिवाय नवऱ्याचं किंवा वडिलांचं. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं आहे हे कारण मला समजतं. पण ज्यांचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत अशा हजारो बायका महाराष्ट्रात आहेत, हे नियम करणाऱ्याला आधी सुचलं नाही. ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली. योजना बाईच्या नावाची, आणि बाई ओळखायची ती पुरुषाच्या कागदावरून.

ओवाळणी या शब्दाशी माझं स्वतःचं एक देणंघेणं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमचं घर शिवाजी पेठेत, शेती करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला, सगळा ऊस. वडील गेले तेव्हा मी इथं होते. तीन आठवड्यांची रजा काढून गेले. दिवसपाणी झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आई म्हणाली, जायच्या आधी तेवढं हक्कसोडपत्र करून जा, पुन्हा तुझं येणं कधी व्हायचं. भाऊ एक शब्द बोलला नाही, आजतागायत बोललेला नाही. त्याला बोलावंच लागलं नाही. रजिस्टर ऑफिसात दोन साक्षीदार आले, अंगठा झाला, सही झाली, फोटो काढला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. त्या दिवशी मला काहीही वाईट वाटलं नव्हतं. उलट मी चांगली मुलगी आहे, माहेर राखणारी आहे, असंच वाटत होतं.

जून १९९४ मध्ये महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. देशानं तो २००५ मध्ये दिला, महाराष्ट्र अकरा वर्षं पुढं होता. शरद पवार मुख्यमंत्री असताना राज्याचं पहिलं महिला धोरणही त्याच वर्षी आलं. कायद्याला अट होती की मुलगी त्या तारखेला अविवाहित हवी. मी पंधरा वर्षांची होते. म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच तो कायदा केला होता. मी कमला कॉलेजात शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात कुणी आम्हाला हे सांगितलं नाही, आणि माहीत असतं तरी मी सही केलीच असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कारण सही न करणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही. दर दिवाळीला भाऊ मला भाऊबीज पाठवतो, अजूनही, न चुकता. भाऊ जिवाला जीव देणारा आहे. पण उसाच्या त्या रानात माझं नाव नाही आणि भाऊबीजेच्या ताटात ते येणार नाही.

म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातला कुठलाही उमेदवार व्यासपीठावरून "माझ्या भगिनींनो" म्हणाला की मला विचारावंसं वाटतं, दादा, तुमच्या घरच्या बहिणींनी सही केली आहे का? सहकारी साखर कारखान्याचा सभासद व्हायचं तर नावावर ऊस लागतो, ऊस नावावर असायचा तर रान नावावर लागतं. मग संचालक मंडळ, मग बँक, मग दूधसंघ, मग विधानसभा. कोल्हापूरचं राजकारण या वाटेनं चालतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ज्या वाटेवर पहिलीच पायरी सातबाऱ्याची आहे तिथं बहिणीला ओवाळणी देऊन पुढं जाता येतं, तिला शेजारी बसवावं लागत नाही.

आकडे बघा. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ. २०२४ मध्ये दहाच्या दहा पुरुष निवडून आले. सगळ्या महाराष्ट्रात २८८ आमदारांमध्ये पंचवीससुद्धा बायका नाहीत. कोल्हापूरला बाई आमदार माहीत नाही असं नाही. बाबासाहेब कुपेकर गेले आणि २०१३ च्या पोटनिवडणुकीत चंदगडमधून संध्यादेवी कुपेकर निवडून आल्या, २०१४ ला पुन्हा आल्या. चंद्रकांत जाधव गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये कोल्हापूर उत्तरमधून जयश्री जाधव आल्या. दोघींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. एवढं दुःख पदरात असताना महिन्याभराच्या प्रचाराला उभं राहणं सोपं नसतं. माझा प्रश्न पक्षांना आहे. नवरा असेपर्यंत यांच्यातली नेतृत्वाची गुणवत्ता कुणाला दिसली नव्हती का? आणि २०२४ ला जयश्रीताईंना त्याच पक्षानं, काँग्रेसनं, पुन्हा उमेदवारी दिली नाही.

याच २०२२ मध्ये, त्या पोटनिवडणुकीच्या निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे रोजी ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मी ती बातमी इथं ट्राममध्ये वाचली आणि उतरायचं स्टेशन चुकले. माझ्या आत्याच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते, दाराआडून पाहिलं होतं. त्या ठरावासाठी हात वर करणाऱ्या माणसांनीही तसंच दाराआडून कधी ना कधी पाहिलेलं असणार. तिथं कुणी कुणाला काही दिलं नाही. गावानं स्वतःच्या हातातून एक गोष्ट काढून घेतली, तीही बाईच्या अंगावर चालवण्याचा हक्क. मला हे कुठल्याही जाहीरनाम्यातल्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

आता इथली बाजू. कोल्हापूरच्या माणसाला वाटतं की जर्मनीत हे सगळं कधीच सुटलं असणार. सुटलेलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे चान्सलरपदाचे उमेदवार फ्रिडरिश मेर्त्स यांना विचारलं गेलं की तुमच्या मंत्रिमंडळात निम्म्या बायका असतील का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. आधीच्या सरकारातल्या संरक्षणमंत्री बाईंची नेमणूक कशी साफ चुकीची ठरली त्याचा दाखला दिला आणि असं केल्यानं बायकांचंही काही भलं होत नाही, असा सूर लावला. ऐकून मी स्वयंपाक थांबवला. एक बाई कामात कमी पडली तर तिच्यामागं सगळ्या बायका कमी पडल्या. पुरुष मंत्री कमी पडल्यावर पुरुषांची संख्या कमी करा असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, इथंही नाही आणि मुंबईतही नाही. आणि भलं होतं की नाही हे ठरवायचं कुणी, तर पुन्हा देणाऱ्यानंच. भाषा वेगळी होती, सूट-टाय होता, पण बसायची जागा मला ओळखीची वाटली. पाटावर भाऊ बसलेला, ताट घेऊन बाई समोर उभी.

निवडणूक जिंकल्यावर लगेच त्यांच्या आघाडीतल्या नेत्यांच्या बैठकीचा एक फोटो आला. टेबलाभोवती सहा माणसं, सहाही पुरुष. इथं त्यावर बरंच वादळ उठलं, त्यांच्याच पक्षातल्या बायका बोलल्या. मला मात्र त्या फोटोत काही नवं दिसलं नाही, कारण तिकीटवाटपाच्या दिवसांत कोल्हापूरच्या हॉटेलांमधून निघणारे फोटो मी बघत आले आहे. पुढं मे महिन्यात मेर्त्स यांचं सरकार आलं तेव्हा सतरा मंत्र्यांपैकी आठ बायका होत्या. त्यातल्या चार सहकारी पक्षाच्या, म्हणजे सोशल डेमोक्रॅटांच्या, हे खरं. तरी म्हणजे जमत होतं. आधी नाही म्हणायची गरज नव्हती.

त्यांच्या प्रचारात आणखी एक जुनी गोष्ट पुन्हा वर आली. नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्ती जर्मनीत बलात्कार म्हणून गुन्हा ठरली ती १९९७ मध्ये. संसदेत मोठ्या बहुमतानं कायदा झाला, १३८ मतं विरोधात. विरोधातल्या मतांत तरुण खासदार मेर्त्स यांचंही एक होतं. गुन्हा ठरवायला आपला विरोध नव्हता, बायकोला खटला मागं घेता यावा अशी तरतूद आपल्याला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. ते समजून घेऊनही मला त्या तरतुदीची भीती वाटते, कारण घरात राहणाऱ्या बाईकडून खटला मागं कसा घ्यायला लावतात हे शिवाजी पेठेत वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. पण निदान इथं सत्तावीस वर्षांनी का होईना, मत मागणाऱ्या माणसाला त्या मताचा जाब विचारला गेला. आपल्याकडं १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि अठरा वर्षांवरच्या बायकोच्या बाबतीत नवऱ्याला दिलेली सूट तिच्यात तशीच राहिली. त्यानंतर चार महिन्यांनी निवडणूक झाली. आमच्या जिल्ह्यातल्या एकाही उमेदवाराला कुणी यावर विचारल्याचं मला ऐकू आलं नाही.

माझी स्वतःची इथली अडचण पगाराच्या कागदावर आहे. जर्मनीत नवरा-बायकोचा कर १९५८ पासून एकत्र मोजतात. ज्याचा पगार जास्त त्यानं कराचा तिसरा वर्ग घ्यायचा, ज्याचा कमी त्यानं पाचवा, अशी बऱ्याच घरांत रीत. तिसऱ्यात महिन्याला कर कमी कापतात, पाचव्यात जास्त. वर्षाच्या शेवटी हिशेब जुळतो, पण महिन्याला पाचव्या वर्गाच्या माणसाच्या हातात फार थोडं पडतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा बाई असते. माझा नवरा ओतकामाच्या धंद्यातला, शिरोलीच्या फाउंड्रीतून इथं आला. मी धाकटा झाल्यावर अर्धवेळ काम धरलं. पहिला पगार बघून वाटलं, एवढ्यासाठी पोराला पाळणाघरात ठेवून धावायचं? नवऱ्यानं काही म्हटलं नाही. इथंही कुणाला काही म्हणावं लागत नाही, कागदच सांगतो की बाई, घरी बस, परवडत नाही. बाळंतपणाचा भत्ता आणि बेकारभत्ता हातात पडणाऱ्या पगारावर ठरतो, म्हणून तिथंही तोटा. इथल्या कमावत्या बायकांतल्या जवळजवळ निम्म्या अर्धवेळ काम करतात. आधीच्या सरकारनं हे वर्ग बदलायचं ठरवलं होतं, झालं नाही. मेर्त्स यांच्या पक्षाला एकत्र कराची पद्धत टिकवायची आहे.

आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. मी एकदा चिडून त्यांच्याशी हे बोलले तर त्यांनी मला सांगितलं की त्या नोकरीला लागल्या तेव्हा इथल्या कायद्यात लिहिलेलं होतं, घर-संसाराची जबाबदारी सांभाळून होत असेल तर बायकोनं नोकरी करावी. ते कलम १९७७ मध्ये गेलं. तोवर माझी आई कोल्हापुरात शिक्षिकेची नोकरी करत होती आणि तिला कुठला कायदा घर सांभाळलंस का विचारत नव्हता. सासू विचारत होती, ती गोष्ट वेगळी.

मी आजींना एकदा उलटं आश्चर्य दाखवलं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा २०११ पासून बायकांना राखीव आहेत, हे त्यांना खरंच वाटेना. इथं ब्रांडेनबुर्ग राज्यानं २०१९ मध्ये पक्षांनी उमेदवारयादीत एक बाई, एक पुरुष असे ओळीनं उमेदवार द्यावेत असा कायदा केला, तो पुढच्याच वर्षी न्यायालयानं रद्द केला. २०२५ च्या संसदेत ६३० खासदारांपैकी २०४ बायका आहेत, आणि मेर्त्स यांच्या पक्षाच्या गटात चौथा हिस्साही नाही. आपल्या लोकसभेत २०२४ ला ५४३ मध्ये ७४ निवडून आल्या. विधानसभा-लोकसभेत एकतृतीयांश जागांचा कायदा संसदेनं २०२३ मध्ये केला आणि जनगणनेला, मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून टाकला. बाकीच्या वाटण्यांसारखीच ही वाटणीही मोजणी झाल्यावर करू म्हणून ठेवलेली आहे.

इतिहासाची साक्ष काढायची तर कोल्हापूरकरांना कुणाकडं हात पसरायची गरज नाही. जानेवारी १९१९ मध्ये जर्मनीतल्या बायकांनी पहिल्यांदा राष्ट्रीय निवडणुकीत मत दिलं. त्याच वर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. त्याआधी दोन वर्षं विधवाविवाहाचा. महाराजांनी यातलं काही ओवाळणी म्हणून दिलं नव्हतं. कायदा केला, म्हणजे महाराज आवडोत की न आवडोत, बाईला दरवाजा ठोठावायला एक जागा झाली. दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालून प्रचार सुरू करणाऱ्या आणि कावळा नाक्यावर ताराराणींना मुजरा करून संपवणाऱ्या उमेदवारानं निदान एवढा फरक लक्षात घ्यावा. याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. पाणी होतं, साखर होती, दूध होतं, आणि मुली नव्हत्या. रानाची वाटणी नको म्हणून मुलगी नको, हे त्या आकड्यामागचं एक कारण मी माझ्या नात्यातल्या घरांत ऐकलेलं आहे.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. या वेळी बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक, म्हणून दारात एकेका पक्षाचे चार चेहरे एकदम यायचे. आमच्या दारात आलेल्या अशाच एका घोळक्यात एक बाई होती, हात जोडून मागं उभी. तिचा नवरा पुढं येऊन बोलत होता. ताईंनी असं ठरवलंय, ताई तसं करणार आहेत. आई उंबऱ्यात उभी होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. भावानं हे सगळं मला फोनवर सांगितलं.

आईनं त्या नवऱ्याला विचारलं, "उभं कोण ऱ्हायलंय?"

"ही की. माझी मिसेस."

"मग तिला बोलू दे की. तू हो जरा बाजूला."

ती बाई आधी गोंधळली. मग म्हणाली, बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांना सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत मुतारी नाही, त्या पाणी पीत नाहीत, तेवढं मला आधी करायचं आहे. नवरा तिच्याकडं बघत राहिला, त्याच्या हातातल्या पत्रकात हे नव्हतं. आईनं तिला घरात बोलावून चहा दिला. बाकीचे तीन चेहरे बाहेर थांबले.

भावाकडून फोन आईनं घेतला. मी म्हटलं, आई, तू तर भारीच केलंस. ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "तुझी सही मी घाईनं घेतली. तवा मला तसंच वाटत हुतं." मला काय उत्तर द्यावं सुचेना. मी म्हटलं, असू दे गं, आता काय त्याचं.

"माझं नाव अजून सातबाऱ्यावर हाय," आई म्हणाली. "ते काढा म्हणून मी कुणाला सांगितलेलं न्हाई. मेमध्ये येशील तवा वकिलाकडं जाऊया."